शाळेचा ऑनलाइन रेडिओ: सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ऐकणार कोण?



गेल्या वर्षभरात मला फोनवर आणि प्रशिक्षणांच्या मधल्या सुट्टीत एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. "सर, आम्हालाही शाळेचा ऑनलाइन रेडिओ सुरू करायचाय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे, ते पुढे देतोच. पण माझं स्पष्ट मत असं आहे की हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, ऐकणार कोण? दुसरा, ती माणसं कधी मोकळी असतात? या दोन प्रश्नांची उत्तरं नसताना रेडिओ सुरू केला तर उद्घाटनाचा फोटो छान येतो आणि महिन्याभरात माइकवर धूळ बसते. हे मी दुसऱ्यांना नावं ठेवायला लिहीत नाही. पहिल्या दोन महिन्यांत आमच्याकडंही हेच झालं होतं.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, वस्तीवरची. दिवाळीच्या आसपास निम्म्याहून जास्त पालक ऊसतोडीला जातात. कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. मुलं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. हे सगळं सांगण्याचं कारण पुढे येईल. आधी यंत्राचं बघूया, म्हणजे नंतरचं बोलणं नीट कळेल.

विहीर, टाकी आणि नळ

ऑनलाइन रेडिओत तीन भाग असतात. मुलांना समजावताना मी गावच्या पाणीपुरवठ्याचं उदाहरण देतो.

विहीर म्हणजे आपला माइक आणि लॅपटॉप. आवाज इथे तयार होतो. लॅपटॉपवर एक छोटं सॉफ्टवेअर लागतं, जे आवाज दाबून लहान करतं आणि पुढे पाठवतं. आम्ही 'बट' नावाचं वापरतो. 'ब्रॉडकास्ट युझिंग धिस टूल' या नावाची ती आद्याक्षरं. फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. दोन-तीन आवाज एकत्र मिसळायचे असतील, मध्ये संगीताचा तुकडा लावायचा असेल तर 'मिक्स' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातही थेट प्रसारणाची सोय आहे.

टाकी म्हणजे सर्व्हर. विहिरीतून एकच पाइप टाकीत येतो आणि टाकीतून घरोघर नळ जातात. हे काम 'आइसकास्ट' करतं. ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे वापरायला पैसे नाहीत. 1990 च्या दशकाच्या शेवटी 'विनॲम्प'वाल्यांचं 'शाउटकास्ट' आलं, त्याच काळात आइसकास्टही सुरू झालं. आज जगभरातली लहानमोठी इंटरनेट रेडिओ केंद्रं या दोन्हींवर चालतात. ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम आपोआप लागावा असं वाटत असेल तर 'अझुराकास्ट' आहे. तेही मोफत आहे आणि वेळापत्रक त्यात ब्राउझरमधूनच लावता येतं.

नळ म्हणजे ऐकणाऱ्याचा फोन. त्याला कोणतंही ॲप लागत नाही. लिंकवर बोट ठेवलं की ब्राउझरमध्ये आवाज सुरू.

आता टाकी कुठं बांधायची? शाळेच्याच संगणकावर आइसकास्ट बसवता येतं, पण बाहेरच्या लोकांना तिथपर्यंत पोचता येईलच असं नाही. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवर आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही. शिवाय चाळीस जण ऐकायला बसले तर चाळीस जणांचा भार शाळेच्या नेटवर येतो. म्हणून दरमहा काही शे रुपयांत मिळणारा छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यावा. मग शाळेतून फक्त एक धार जाते, बाकीचं टाकी बघते. आणि वीज गेली तर? आइसकास्टमध्ये पर्यायी धार लावून ठेवता येते. आपली धार तुटली की ऐकणाऱ्याला आधीच ठेवलेलं काहीतरी ऐकू येतं आणि आपण परत आलो की तो आपोआप आपल्याकडे येतो. आमच्याकडं हे रोजचंच आहे.

दोन सूचना आत्ताच देतो, कारण दोन्ही ठिकाणी मी आपटलोय. आइसकास्टच्या नमुना फाइलमध्ये पासवर्डच्या जागी 'हॅकमी' असा शब्द लिहिलेला असतो. बनवणाऱ्यांनी गंमतीनं इशारा दिलाय, पण पुष्कळ जण तो तसाच ठेवतात. मग कोणीही तुमच्या शाळेच्या नावावर काहीही वाजवू शकतो. सगळ्यात आधी तो बदला. दुसरी गोष्ट, शाळेचं संकेतस्थळ कुलूपवालं म्हणजे सुरक्षित असेल आणि रेडिओची धार साधी असेल, तर आजचे ब्राउझर ती वाजवत नाहीत. माझे दोन दिवस माइक तपासण्यात गेले होते आणि दोष तिथे नव्हताच.

हिशेब मुलांकडूनच करून घ्या

सॉफ्टवेअरमध्ये 'बिटरेट' निवडावा लागतो. बहुतेक जण 128 ठेवतात, कारण आकडा मोठा म्हणजे चांगलं असं वाटतं. आम्ही सहावी-सातवीच्या मुलांना हिशेब घातला. 128 किलोबिट प्रति सेकंद म्हणजे 16 किलोबाइट. अर्ध्या तासाचे 1800 सेकंद. गुणाकार केला की 28.8 एमबी. हेच 48 ला ठेवलं तर सेकंदाला 6 किलोबाइट आणि अर्ध्या तासाला 10.8 एमबी. माणसाच्या बोलण्याला 48 पुरतं, तेही मोनोमध्ये. माइक एकच आहे, मग डावा-उजवा आवाज वेगळा पाठवून काय करायचं? अर्ध्या तासाच्या साध्या व्हिडिओला याच्या कितीतरी पट डेटा जातो.

हिशेबात मुलांना एक गंमत सापडली. वर्गातल्या फोनवर आवाज काही सेकंद उशिरा येतो. का? कारण नवा ऐकणारा आला की त्याला वाट बघायला लागू नये म्हणून आइसकास्ट आधीचा सुमारे 64 किलोबाइट आवाज एकदम देऊन टाकतं. सेकंदाला 6 किलोबाइट म्हटलं तर हे झाले जवळजवळ 11 सेकंद. 128 वर हाच उशीर 4 सेकंदांवर येतो. म्हणजे दर्जा कमी केला की उशीर वाढतो! सातवीतल्या एका मुलीनं लगेच विचारलं, "मग आपण आठ वाजले म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याचे आठ वाजून गेलेले असतात का?" हो, असतात. त्या दिवसापासून आम्ही वेळ सांगणं बंद केलं. तीन फोन शेजारी ठेवून तोच कार्यक्रम लावला तर तिघांचा आवाज मागेपुढे येतो, देवळाच्या गाभाऱ्यात घुमल्यासारखा. हा प्रयोग जरूर करून बघा. भागाकार आणि एककांचं रूपांतर यासाठी याहून जिवंत उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही.

एफएम नको, यूट्यूब नको, मग इंटरनेटच का?

काही जण विचारतात, खरा रेडिओ म्हणजे एफएम, तो का नको? भारतात शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं 2002 साली उघडली. 2004 मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. आपल्याकडं पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, साताऱ्याकडं म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. ही केंद्रं मोलाची आहेत. पण त्यांना केंद्र सरकारची परवानगी लागते, ट्रान्समीटर आणि मनोरा लागतो, रोजच्या रोज कार्यक्रम लागतात. एका वस्तीशाळेच्या आवाक्यातली ही गोष्ट नाही. आणि अशा केंद्राचा आवाज साधारण 10-15 किलोमीटरपर्यंत जातो.

आमचा प्रश्न इथेच सुटतो. आमचे पालक 10-15 किलोमीटरच्या आत नसतातच. ते कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडं असतात, काही कर्नाटकात असतात. मनोरा कितीही उंच बांधला तरी उसाच्या फडापर्यंत आवाज जाणार नाही. इंटरनेटवर जातो. शेजारच्या गावाला ऐकवायचं असेल तर लाउडस्पीकर बरा. शंभर-दोनशे कोसांवर गेलेल्या आईबापाला ऐकवायचं असेल तर ऑनलाइन रेडिओला पर्याय नाही असं मला वाटतं.

"मग यूट्यूबवर टाका की," असंही सुचवलं जातं. व्हिडिओ आला की कपडे आले, मागची भिंत आली, गोरंगोमटं पोर पुढे उभं करणं आलं. तालुक्यातल्या स्नेहसंमेलनांत आपण हे बघतोच. आवाजाला यातलं काही लागत नाही. आमच्याकडं सगळ्यात चांगला निवेदक तो मुलगा निघाला, जो परिपाठाला कायम शेवटच्या रांगेत उभा असायचा.

वेळ कोणाची?

आता आमची चूक सांगतो. पहिले दोन महिने आम्ही सकाळी साडेअकराला प्रसारण करायचो. का? कारण तो तास मला मोकळा होता. कार्यक्रम म्हणजे परिपाठच. सुविचार, दिनविशेष, बोधकथा, चार बातम्या. आइसकास्टच्या पानावर त्या क्षणी किती जण ऐकताहेत तो आकडा दिसतो. आमचा आकडा होता तीन. त्यातला एक माझा फोन आणि एक मुख्याध्यापकांचा.

मग पालकांना फोन केले. एक आई म्हणाली, "गुरुजी, अकराला आमच्या हातात कोयता असतो, फोन कुठून असणार?" पहाटे फडात जायचं, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, मग कोपीवर येऊन चूल. निवांत वेळ मिळाला तर रात्री आठनंतर. आणि दुसरं तिनं सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. "सुविचार नका सांगू. आमचं लेकरू काय खातंय, काय शिकतंय, कुणाशी भांडलं, ते त्याच्या तोंडानं ऐकवा."

एका फोनमध्ये आमच्या रेडिओचं धोरण ठरलं. आता दुपारी मुलं कार्यक्रम करतात, तो जतन होतो आणि रात्री साडेआठला आपोआप पुन्हा लागतो. आठवड्यातून दोनच दिवस, वीस-वीस मिनिटं. रात्रीचा आकडा कधी नऊ, कधी चौदा. ऐकायला लहान वाटतो. पण टोळीत एकाच्या चांगल्या फोनभोवती सात-आठ जण बसून ऐकतात. ज्यांच्याकडं बटणांचा फोन आहे तेही त्यात आले. आकडा वाढावा म्हणून लिंक गावभर, तालुकाभर फिरवायचा मोह होतो. तो मोह टाळावा असं मी सांगेन, आणि त्याचं कारण पुढच्या प्रसंगात आहे.

थेट की रेकॉर्ड? इथे माझं मत बदललं

सुरुवातीला मी थेट प्रसारणाचा कट्टर पुरस्कर्ता होतो. रेकॉर्डिंगमध्ये मुलं दहा वेळा पुसतात आणि शेवटी गुरुजींनी लिहून दिलेलं घोकून म्हणतात. थेटमध्ये चुकलं तर चुकलं, सावरून पुढे जायचं. ते सावरणं शिकायचं असतं. आजही मला हे पटतं.

पण एकदा 'माझं घर' या विषयावर मुलं थेट बोलत होती. पाचवीतला एक मुलगा रंगात आला. घरात कोण कोण, शेळ्या किती, आणि मग सहज बोलून गेला की बाबांनी मुकादमाकडून यंदा किती उचल घेतली, आकड्यासकट, आणि त्यातून कोणाचं देणं फेडलं. पोरगं खरं बोलत होतं, छान बोलत होतं. मी माइक बंद करायला हात नेला तोवर वाक्य संपलं होतं.

त्याचे वडील त्या दिवशी ताप आला म्हणून फडात न जाता कोपीतच थांबले होते आणि ऐकत होते. तासाभरानं त्यांचा फोन आला. मला वाटलं चिडले असतील. ते चिडले नव्हते. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं, पाऊसपाणी विचारलं. शेवटी हळूच म्हणाले, "गुरुजी, ते पोराचं रातच्याला परत लावू नका. इथं समदे बसत्यात ऐकायला."

मी ते लगेच काढलं. पण त्या दिवशी मला कळलं की माइकसमोर बसवलेल्या लहान मुलाला आपण कुठल्या दारात उभं केलंय याचा मी पुरेसा विचार केला नव्हता. वर्गात मूल काही बोललं तर ते चार भिंतींत राहतं. रेडिओवर बोललेलं मुकादमही ऐकतो, सावकारही ऐकतो आणि ज्याला हवं तो फोनमध्ये जतनही करतो.

तेव्हापासून आम्ही दोन भाग केले. घरचं, मनातलं, आईबापाला सांगायचं जे काही असेल ते आधी रेकॉर्ड होतं, मूल स्वतः ऐकतं, घरातलं मोठं माणूस फोनवर ऐकतं, मग लागतं. प्रश्नमंजुषा, वाचन, शाळेतल्या भाज्यांच्या वाफ्याची खबरबात, क्रिकेटच्या सामन्याचं धावतं वर्णन हे थेट. काही शिक्षक मित्रांना हे फार सावध वाटतं. "मुलांना मोकळं बोलू द्या" असं ते म्हणतात. मोकळं बोलू द्यायलाच हवं. पण मोकळेपणाची किंमत मुलाच्या बापानं फडात मान खाली घालून चुकवायची, हे मला मान्य नाही.

यात कायद्याचीही बाजू आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत संमतीपत्र घेतो आणि ते वाचून दाखवतो, नुसता अंगठा घेत नाही. माइकवर मुलं आडनाव, गाव, फोन नंबर सांगत नाहीत. जुने कार्यक्रम उघड्यावर साठवत नाही. आणि 'बट' किंवा आइसकास्टमध्ये 'आपलं केंद्र सार्वजनिक यादीत टाकायचं का' असा पर्याय असतो, तो बंद ठेवतो. आम्हाला जगानं ऐकायला नकोच आहे. चार टोळ्यांनी ऐकलं की झालं.

भाषा कोणाची?

रेडिओ म्हटलं की मुलं लगेच शहरी एफएमवाल्यांसारखं बोलायला लागतात. "हॅलो फ्रेंड्स, कसे आहात तुम्ही सगळे!" आणि आपण शिक्षक 'पानी' नाही 'पाणी' म्हण, 'व्हता' नाही 'होता' म्हण, असं म्हणत त्यांच्या मागे लागतो. प्रमाणभाषा शिकवायचीच आहे, बातम्या आणि वाचन प्रमाण मराठीतच व्हावं. पण आईशी बोलताना मूल जसं बोलतं तसंच रेडिओवर बोललं पाहिजे. खानदेशातल्या शाळेनं अहिराणीत, तळकोकणातल्या शाळेनं मालवणीत, गडचिरोलीकडच्या शाळेनं गोंडीत वेळ राखून ठेवावी. पुण्या-मुंबईचा आवाज ऐकायला पालकांना दुसरी शंभर ठिकाणं आहेत. त्यांच्या लेकराचा आवाज फक्त इथेच मिळतो.

माइकमुळे भाषेचा एक पाठ मात्र आपोआप होतो. फ, भ, ख, थ असे महाप्राण म्हणताना तोंडातून हवेचा झोत येतो आणि माइकवर 'फट्' असा आवाज होतो. 'फळा', 'भाकरी' म्हणून बघा. तोंडासमोर तळहात धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणायला लावा, फरक हाताला लागतो. व्याकरणाच्या तासाला अल्पप्राण-महाप्राण पाठ करून घेताना मुलांच्या डोळ्यांवर झापड यायची. आता माइक थोडा तिरका, वीतभर अंतरावर का धरायचा हे तिसरीतलं पोरही कारणासहित सांगतं. खोली घुमत असेल तर भिंतीला सतरंज्या आणि गोधड्या टांगा, बराच फरक पडतो. पत्र्यावरच्या पावसाला मात्र इलाज नाही. आम्ही पावसात तेवढा पाऊसच ऐकवतो, आणि दुष्काळी गावातून आलेल्या पालकांना तो ऐकायला आवडतो.

गाणी लावायची का?

सिनेमाची गाणी लावू नका. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींवर वेगवेगळे हक्क असतात. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी आणि शिक्षकांनी पालकांसमोर गाणं म्हणायला कायद्यात सवलत आहे, पण इंटरनेटवरचं उघडं प्रसारण तिच्यात बसतं असं समजून चालू नये. बालभारतीच्या पुस्तकावरही हक्क राखीव असल्याचं छापलेलं असतं.

मग लावायचं काय? आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी साहित्य सर्वांसाठी खुलं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणजे 2011 पासून 'श्यामची आई' खुलं आहे. रोज एक प्रकरण मुलं वाचू शकतात. तुकोबांचे अभंग कोणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या गायकाच्या आवाजातली अभंगाची ध्वनिफीत मालकीची असू शकते, हा फरक मुलांना समजावा. त्यापेक्षा गावच्या भजनी मंडळाला बोलवा. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, त्यांना माइकसमोर बसवा. दोघांनाही आधी विचारा, एवढंच.

काम कोण करणार?

हा खरा कळीचा प्रश्न. निवडणुका, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या भरणं यातून वेळ उरला तर शिकवायचं, अशी आपली स्थिती. त्यात रेडिओ म्हणजे अजून एक ओझं, असं म्हणणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. वरून आदेश आला की प्रत्येक शाळेनं रेडिओ सुरू करा आणि अहवाल पाठवा, तर सगळ्यात आधी विरोध मी करीन. अहवालासाठी चालणारा रेडिओ कोणी ऐकत नाही.

माझा उपाय एकच, यंत्र मुलांच्या हातात द्या. आमच्याकडं चार कामं फिरती आहेत. एक जण निवेदन करतो, एक जण सॉफ्टवेअर सांभाळतो, एक जण घड्याळ बघतो. चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि ते सुरुवातीला आम्हाला सुचलंच नव्हतं. एक जण फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात बसतो आणि ऐकतो. खोलीतल्याला आपला आवाज नीटच वाटतो, बाहेर काय जातंय ते त्याला कळत नाही. एकदा आम्ही पंधरा मिनिटं यूएसबी माइकसमोर बोलत होतो आणि सॉफ्टवेअरमध्ये लॅपटॉपचा माइक निवडलेला होता. पालकांना पंख्याची घरघर आणि लांबून येणारे आवाज ऐकू आले. तेव्हापासून व्हरांड्यातला माणूस पक्का. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही असं आपण म्हणतो, त्यालाच हे काम देऊन बघा. "मॅडम, प्रार्थनेतला शेवटचा शब्द खाल्ला तिनं" असं तो बरोबर येऊन सांगतो.

सुरू करायचंच असेल तर

पहिला महिना सर्व्हर घेऊच नका. माइक, स्पीकर आणि चार मुलं, एवढ्यावर वर्गातल्या वर्गात कार्यक्रम करा. दुसऱ्या महिन्यात शाळेच्या वायफायवर आइसकास्ट बसवा. इंटरनेट नसलं तरी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात ते चालतं आणि सगळ्या चुका घरातल्या घरात होतात. दरम्यान पालकांना फोन करून विचारा, तुम्ही कधी मोकळे असता आणि काय ऐकायचंय? उत्तर मिळालं तर व्यवस्थापन समितीत ठराव करून सर्व्हर घ्या. कोणी ऐकणारच नसेल तर तेही कळेल, आणि मग वर्गातला रेडिओ वर्गातच राहू द्या, त्यात कमीपणा नाही.

परवा रात्री साडेआठला मी सहज आकडा बघितला. अकरा होता. दुसरीतली एक मुलगी तिच्या आईला सांगत होती की तिचा दात पडला, तो तिनं पत्र्यावर टाकला आणि नवा अजून आला नाही. कार्यक्रम संपला तरी अकरातले चार बराच वेळ तसेच जोडलेले होते. फोन बंद करायचा राहिला असेल, किंवा थकून झोप लागली असेल. मी धार तशीच चालू ठेवली.

तुमच्या शाळेत असा प्रयोग चालू असेल किंवा माझं एखादं मत पटलं नसेल तर जरूर कळवा. विशेषतः थेट आणि रेकॉर्डच्या बाबतीत तुमचा अनुभव वेगळा असेल तर मला तो ऐकायचाय.